विवेक, विकार आणि संपादकाची लेखणी

गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर 1883 साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ असे नाव दिले. आपल्या नाट्यसमीक्षेत या नावाची नोंद होते आणि ती तिथेच थांबते. वस्तुतः हे नाव म्हणजे नाटकावरील पहिली संपादकीय टीप आहे. मूळ नाटक नायकाच्या नावाने ओळखले जाते. आगरकरांनी नायकाला बाजूला सारून मनोविकारांच्या खेळाला अग्रभागी आणले. आणि ‘विकार’ हा शब्द तर निर्णय सांगूनच येतो. प्रकृतीत जो बिघाड होतो तो विकार. मनाची उत्कट अवस्था आणि दोष या दोन्ही अर्थच्छटा आपल्या भाषेने एकाच शब्दात गोठवून ठेवल्या आहेत.

पालमसारख्या तालुक्याच्या गावी ‘विकारविलसित’विषयी वर्गात बोलताना याचा फार लवकर प्रत्यय येतो. शेजारचे गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. विद्यार्थी कीर्तनातून आलेला असतो. ‘सर, विकार म्हणजे काम, क्रोध तेच ना?’ असे तो विचारतो आणि क्षणात चंद्रसेन, म्हणजे आगरकरांचा हॅम्लेट, षड्रिपूंनी ग्रासलेला जीव ठरतो. विद्यार्थ्याचे हे वाचन चुकीचे म्हणण्याचे धाडस मला होत नाही, कारण शीर्षकानेच त्याला त्या वाटेवर सोडले आहे. खेद वाटतो तो मार्गदर्शक पुस्तिकांचा. ‘बुद्धी आणि भावना यांचा संघर्ष’ हे एक वाक्य त्या प्रत्येक शोकांतिकेला सारख्याच मापाने लावतात, जणू शेक्सपिअरने हा तराजू स्वतःच्या हाताने, नीट तोलून आपल्या स्वाधीन केला आहे.

तसे झालेले नाही. हा तराजू पुष्कळदा संपादकांनी धरलेला आहे. ‘ऑथेल्लो’च्या पहिल्या अंकात इयागो रॉडेरिगोला उपदेश करतो की, वासनेच्या पारड्याला तोलणारे विवेकाचे पारडे नसते तर माणूस अनर्थाला पोहोचला असता. या वाक्याचा कर्ता शब्दच संशयित आहे. 1622 च्या क्वार्टोत तिथे ‘तराजू’ या अर्थाचा शब्द आहे. 1623 च्या फोलिओत ‘मेंदू’ असा. थिओबाल्डने 1733 च्या आपल्या आवृत्तीत तिसराच शब्द घातला, तराजूची ‘दांडी’. पहिला पाठ घेतला तर सुभाषितासारखे रेखीव वाक्य मिळते. दुसरा घेतला तर प्रतिमा अडखळते, पण विवेक हा माणसाच्या डोक्यातच, वासनेच्या शेजारी राहणारा ठरतो. शिवाय विवेकाची ही थोरवी गातो कोण, तर नाटकातील सर्वांत मोठा खलपुरुष! सुबक पाठ निवडणारा संपादक ही विसंगती नकळत गुळगुळीत करतो, असे माझे मत आहे.

‘हॅम्लेट’मध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो. आईची निर्भर्त्सना करताना हॅम्लेट जे म्हणतो त्यात फोलिओप्रमाणे विवेक वासनेची दलाली करतो. 1604-05 च्या दुसऱ्या क्वार्टोप्रमाणे तो वासनेला क्षमा करतो. बहुतेक संपादकांनी दलालीच पत्करली, कारण संतापलेल्या मुलाच्या तोंडी ती शोभते. परंतु दलाल विवेक भ्रष्ट आहे, तर क्षमाशील विवेक दुबळा. गर्ट्रूडचा अपराध कोणत्या जातीचा, हे या एका शब्दावर अवलंबून आहे. याहून मोठी गोष्ट म्हणजे, ईश्वराने दिलेली बुद्धी न वापरता कुजू द्यायची काय, असे हॅम्लेट चौथ्या अंकातील ज्या स्वगतात विचारतो, ते स्वगत फोलिओत मुळी नाहीच. 1986 च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने ते संहितेतून काढून परिशिष्टात ठेवले. विचारशक्तीचा सर्वांत मोठा उद्गार गाळलेला हॅम्लेट आणि तो असलेला हॅम्लेट, यांना एकच पात्र मानून आपण पिढ्यानपिढ्या प्रश्नपत्रिका काढत आलो. 2006 साली आर्डेन मालिकेने तिन्ही संहिता स्वतंत्रपणे छापल्या. त्यानंतर तरी हे अज्ञान क्षम्य ठरू नये.

संपादकही माणूसच असतो, हे डॉ. जॉन्सनने प्रांजळपणे सांगून ठेवले आहे. कॉर्डेलियाच्या मृत्यूने त्याला असा धक्का बसला होता की, ‘लिअर’चे अखेरचे प्रवेश संपादनासाठी हाती घ्यावे लागेपर्यंत ते पुन्हा वाचणे त्याला जड गेले. त्याची आवृत्ती 1765 ची. विवेकाच्या युगाचा हा प्रतिनिधी विकाराच्या भयाने पान उलटत नव्हता!

पाठभेद ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला परकी नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, राजवाड्यांनी 1909 साली आपली प्रत छापली, आणि त्यांवरचे वाद आपण पदव्युत्तर वर्गात हिरिरीने शिकवतो. मग तीच दृष्टी नाटकाच्या दाराशी का थबकते? एकोणिसाव्या शतकातील प्रचलित इंग्रजी आवृत्त्या क्वार्टो आणि फोलिओ यांचे मिश्रण करून सिद्ध झालेल्या होत्या. अशा मिश्र संहितेवर उभे राहिलेले भाषांतर, त्यावर आगरकरांच्या बुद्धिवादाचा संस्कार, पुढे गणपतराव जोशींच्या अभिनयाने रंगभूमीवर त्याला आलेले तेज, असे थरांवर थर चढले आहेत. देवलांच्या ‘झुंझारराव’चे आणि शिरवाडकरांच्या ‘ऑथेल्लो’चेही असेच थर काढून पाहावे लागतील.

‘विकारविलसित’ची पाठचिकित्सक आवृत्ती, पानोपानी क्वार्टो-फोलिओचे भेद दाखवणारी, एखाद्या विभागाने हाती घ्यावी. पैसा फारसा लागणार नाही. दोन इंग्रजी जाणणारे आणि दोन मराठी जाणणारे अध्यापक एका टेबलाशी वर्षभर बसावे लागतील. तोवर निदान आईच्या महालातील त्या प्रवेशापाशी थांबून, ‘क्षमा की दलाली?’ एवढा प्रश्न वर्गाला विचारता येईल. पालममध्ये मी तो विचारला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘आईला विचारल्याशिवाय कसं ठरवायचं, सर?’