डोळे मिटा, पण वस्तीकडे पाठ नको

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बारामती-इंदापुरातल्या आमच्या नोकरदार बांधवांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो : विपश्यना. कुणी इगतपुरीच्या धम्मगिरीला नाव नोंदवलेले असते, कुणी पुण्यात स्वारगेटजवळच्या केंद्रात, कुणी आळंदीजवळ मरकळला. शिक्षक, ग्रामसेवक, एसटीतले वाहक, बँकेतले कारकून. दहा दिवस मोबाईल जमा, आर्यमौन, पहाटे चारला घंटा. परत आलेला माणूस हळू बोलतो, शांतपणे जेवतो. एखाद्या घरात दारूही सुटते. त्या घरातल्या बाईला या साधनेबद्दल विचारा, ती चार विद्वानांपेक्षा नेमके सांगेल. म्हणून विपश्यनेची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही.

योग आणि अध्यात्माच्या नावाने हजारो रुपये उकळणाऱ्या निवासी शिबिरांचा आज सुळसुळाट झाला आहे. त्या बाजारात गोएंका गुरुजींचे शिबिर वेगळे उठून दिसते. तिथे फी नाही, आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळे चालते. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ही साधना घेऊन भारतात आले. त्यांचे गुरू ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. म्हणजे नोकरी सांभाळून साधना करणे ही काही आजची गोष्ट नव्हे.

पण फी नाही म्हणून शिबिर सगळ्यांना परवडते काय? भवानीनगर, माळेगावच्या पट्ट्यात ऊस तोडणाऱ्याला हंगामात दहा दिवस कोण सोडणार? इंदापूरच्या डाळिंबाच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईची दहा दिवसांची मजुरी कोण भरून देणार? बारामतीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे असलेल्या पोराने दहा दिवस खाडा केला, तर अकराव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. तेव्हा शिबिराला जातो तो पगारी रजेवाला. ही रजा, ही नोकरी त्याला कुणामुळे मिळाली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आमचे खरे भांडण पुढेच आहे. याच भागातल्या एका गावात स्मशानभूमीच्या वाटेचा वाद पेटला. वाट अडवलेली, प्रेत बांधावरून न्यावे लागले. तहसीलदारांना निवेदन द्यायचे ठरले आणि वस्तीतली पोरे सह्यांसाठी एका साधक गुरुजींकडे गेली. गुरुजी म्हणाले, "मनात द्वेष आणू नका रे. ज्याचे त्याचे संस्कार ज्याला त्याला भोगावेच लागतात." सही काही केली नाही.

हे कुठले धम्मज्ञान? विपश्यनेच्या प्रवचनांतही समता म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, असेच सांगितले जाते. आणि गतजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सपशेल फेटाळला आहे. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खूविषयी थेट प्रश्न टाकला : भिक्खू हा परिपूर्ण पुरुष की समाजसेवक? केवळ स्वतःला परिपूर्ण करणारा भिक्खू त्यांना स्वार्थी वाटला, धम्माची आशा त्यांना समाजसेवक भिक्खूत दिसली. भिक्खूला जे माफ नाही, ते पगारी उपासकाला कसे माफ होईल?

एक उदाहरण देतो. १९७७ मध्ये इंग्लंडमधला एक तरुण बौद्ध अय्यंगारांकडे योग शिकण्यासाठी भारतात आला. योगायोगाने १४ ऑक्टोबरला तो नागपुरात होता. धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाचा तो जनसागर त्याने पाहिला आणि त्याची वाटच बदलली. हे लोकमित्र. पुढे ते पुण्यात राहायला आले आणि १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे काम उभे राहिले. भाजे लेण्यांच्या पायथ्याशी ध्यानाची शिबिरे होऊ लागली आणि दापोडीच्या झोपडपट्टीत आरोग्याचे कामही सुरू झाले. परक्या देशातून आलेल्या साधकाला ध्यान आणि वस्ती ही दोन्ही कामे एकाच वेळी दिसली. आमच्या गुरुजींना शेजारची गल्ली दिसू नये?

वर्षावासात गावोगावी ग्रंथवाचन होते. एरवी बहुतेक विहारांना कुलूप, ते निघते १४ एप्रिलला. शिबिर केलेल्यांनी रोज संध्याकाळी तासभर ते कुलूप काढावे. पोरांना आनापान शिकवावे, ज्या आयाबायांना इगतपुरी या जन्मी दिसणार नाही त्यांनाही शिकवावे. मग त्याच सतरंजीवर बसून शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत.

स्मशानवाटेच्या त्या निवेदनावर ४८ सह्या झाल्या आहेत. गुरुजींच्या नावापुढची जागा पोरांनी अजून मोकळी ठेवली आहे.