अनुभव आमचा, मोजमाप त्यांचे

कामात यश मिळवायला वय आणि अनुभव लागतो का? करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात याचे उत्तर ठरलेले असते : जिद्द ठेवा, बाकी काही लागत नाही. आम्हाला हे मान्य नाही. वयाला आणि अनुभवाला किंमत आहेच. पण ती ठरवतो कोण, हा खरा प्रश्न आहे.

खडवलीहून पहाटेची लोकल पकडून कल्याणला उतरणारी, तिथून भिवंडीच्या गोदामांत जाणारी आपली पोरे पाहा. बाविशीत नोकरी मागायला गेली की ऐकतात, "अनुभव नाही." दहा वर्षे पाठीवर माल वाहून पस्तिशीला टेकली की ऐकतात, "वय झाले." मधल्या दहा वर्षांचा कागद कुठे आहे? ना नेमणूकपत्र, ना हजेरीची नोंद. कंत्राटदार बदलला की दहा वर्षांचा जुना माणूस पुन्हा पहिल्या दिवसाचा!

हे आजचे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ! वीस वर्षे गिरणीत घाम गाळला तरी जातीपुढे तो अनुभव शून्य. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांना उघड विचारला. खुद्द बाबासाहेब १९१७ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, परदेशातले उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानात रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला साधी खोली मिळू दिली नाही. तिथे वय आडवे आले की अनुभव? जात आडवी आली.

आमचा अनुभव विनाचौकशी मान्य होतो तो फक्त झाडू हातात देताना. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला. तो पोटाचा हक्क आहे, सोडायचा नाही. पण पिढ्यांचा अनुभव गटारापुरताच का धरला जातो, हे विचारायचे की नाही?

मोजमाप बदलता येते. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. हे कोणाच्या दयेने झाले नाही. युनियन करून वर्षानुवर्षे लढल्यावर झाले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवसांचे काम ही एक वर्षाची सलग सेवा धरली. म्हणूनच तर हजेरीची नोंद लपवली जाते आणि मध्येच 'ब्रेक' दिला जातो.

मित्रांनो, खडवली, टिटवाळा, वासिंदच्या विहारांत महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवा. गिरणीत, रेल्वेत, पालिकेत हाडे झिजवलेल्या ज्येष्ठांनी सांगावे, कुठला कागद मागायचा आणि साहेबासमोर कसे बोलायचे. तरुणांनी मोबाईलवर प्रत्येकाचे पीएफ पासबुक काढावे, ओळखपत्राचे, पगारपावतीचे, हजेरीचे फोटो जपावेत. ज्येष्ठांनी "तू अजून लहान आहेस" म्हणणे सोडावे. काळाराम मंदिर सत्याग्रहात उभे राहिले तेव्हा दादासाहेब गायकवाड २७ वर्षांचे होते. आणि तरुणांनी "तुमचा काळ गेला" म्हणणे सोडावे.

आपल्या घामाचा हिशोब आपणच लिहिला नाही, तर मालक तो कोराच ठेवणार.

जय भीम!