प्रवाळाची नाडी

डॉक्टर निवृत्त झाला, तरी नाडी पाहण्याची खोड जात नाही. मागच्या दिवाळीत मुलाकडे न्यू जर्सीला होतो. तेथे दिवाणखान्यातल्या काचेच्या हौदात त्याने प्रवाळ पाळले आहेत. (आपल्याकडे कायद्याने तशी मनाई आहे.) एके सकाळी नात रडत आली. "आजोबा, माझं प्रवाळ पांढरं पडलं! बाबा म्हणतात, मेलं, फेकून देऊ."

"आधी तपासू," मी म्हटले आणि भिंग मागवले. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, इवल्या जीवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. तपकिरी रंग त्याचाच आणि भाड्यापोटी अन्नही तेच देते. कातडी गळून नुसता सांगाडा उरला, तर तो भाग गेला समजावे. येथे सांगाड्यावर काचेसारखी पातळ कातडी शाबूत होती. बिऱ्हाडकरू निघून गेले होते; घरमालक जिवंत होता!

पाण्याची उष्णता २५ अंश, खारटपणाही ठीक. मग रोग्याच्या नातलगांना विचारायचो तेच विचारले, "अलीकडे काय बदललं?" चिरंजीव ओशाळले. दिवाळी म्हणून त्यांनी हौदावर नवा दिवा बसवला होता आणि पहिल्याच दिवशी पुरता प्रखर केला होता!

औषध दिलेच नाही. प्रकाश निम्मा करून, आठवड्या-आठवड्याने थोडा वाढवायला सांगितले. दोन महिन्यांनी नातीचा फोन आला, "आजोबा, बिऱ्हाडकरू परत आले!"

वाचकहो, घरातले कोणी कोमेजलेले दिसले, तर औषधाच्या बाटलीआधी एवढा प्रश्न विचारून पाहा.