कॉन्व्हेंटचा फॉर्म

गेले दोन वीकेंड आमच्या घरात एकच विषय चालू आहे. लेकीची शाळा. कोपरहून रिक्षाच्या अंतरावर एका कॅथलिक संस्थेची शाळा आहे, तिचा फॉर्म टीव्हीखालच्या खणात पडलाय.

आई म्हणते, कॉन्व्हेंटमध्ये शिस्त असते. बायको म्हणते, इंग्लिश पक्कं होतं. शेजारच्या काकू म्हणतात, पुढे अडत नाही. सगळं मान्य! फक्त या यादीत 'कॅथलिक' कुठेच नाही, हे मला फॉर्ममधला 'हीच शाळा का?' हा रकाना भरताना जाणवलं.

गंमत बघा. जेझुइटांनी १५९९ मध्ये आपली अभ्यासपद्धती पक्की केली: आधी व्याकरण, मग साहित्य, वक्तृत्व, तत्त्वज्ञान, सगळं लॅटिनमधून. त्याच परंपरेतला थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने चक्क मराठीत ओव्या रचल्या. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. इंग्रज माणूस मराठी शिकला, आणि आम्ही त्याच्या पंथाच्या शाळेत जातोय ते मराठीतून सुटायला. कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी पकडा, तिथले कॅथलिक घरात मराठीच्या बोली बोलतात. वसईचेच फादर दिब्रिटो २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कॅथलिक म्हणजे इंग्लिश हे समीकरण आपलं, त्यांचं नव्हे.

असो. खरं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात. त्यांची नात लेकीच्याच वयाची. फॉर्म बघून त्यांनी विचारलं, "दादा, तिथं पंचवीस टक्क्यांत आमच्या पोरीचं होईल का हो?"

नाही होणार. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, पण २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना त्यातून पूर्ण वगळलं. घटनेच्या ३० व्या कलमाने दिलेला त्यांचा हक्क जपायला. हक्क जपलाच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण बाकावर कोण बसलंय? राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ख्रिस्ती शाळांमधली ७४ टक्के मुलं अल्पसंख्याक नसलेल्या घरांतली होती. आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा धरून गरीब, वंचित घरांतली मुलं जेमतेम ८.७६ टक्के. म्हणजे समाजाला दिलेलं संरक्षण वापरतोय कोण, तर फी परवडणारे आमच्यासारखे आयटीवाले. वर्गात कामवाल्या मावशींची नात नसेल याची हमी आपल्याला फुकटात मिळते, आणि तिला आपण 'चांगलं वातावरण' म्हणतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायाधीशांनी त्या निकालावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे न्यायची शिफारस केली. मला विचाराल तर त्या समाजाची मुलं घेऊन झाल्यावर उरलेल्या जागांना तरी पंचवीस टक्के लागू व्हावेत. शाळा चालवायचा हक्क त्याने कसा बुडतो, मला कळत नाही.

बायको म्हणाली, "मग काय, फॉर्म नाही भरायचा?"

भरणार आहे. लेकीचं वर्ष माझ्या मतांसाठी वाया घालवायची हिंमत नाही माझ्यात. सोमवारी शेवटची तारीख आहे. रकान्यात 'शिस्त' लिहून खोडलंय, आणि मावशींना दुसऱ्या एका शाळेचा ऑनलाइन अर्ज आज दुपारी माझ्याच लॅपटॉपवर भरून द्यायचाय. त्या उत्पन्नाचा दाखला घेऊन येतायत.