मालकी हवी, तर हिशेबही हवा

शेतकरी बांधवांनो, डीपी जळाली की आपण वायरमनच्या नावाने बोटे मोडतो, वर्गणी काढतो आणि म्हणतो, "वीज कंपनीच आपली असती तर!" ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. नगर जिल्ह्याने ती करून पाहिली आहे.

१९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले. त्याच सुमारास देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था निघाल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही त्यांतली एक. मंडळाकडून वीज घाऊक घ्यायची आणि सभासदांना पुरवायची, हा तिचा व्यवहार. खेड्यापाड्यांत तारा पोचल्या, विहिरींवर मोटारी चालू लागल्या. पुढे मात्र बाकी तुंबत गेली. महावितरणच्या हिशेबाने ती दोन हजार कोटींच्या वर पोचली. घाऊक दरच परवडत नाही, असे संस्था म्हणे. वसुली होत नाही, असे पलीकडून उत्तर येई. ३१ जानेवारी २०११ रोजी परवाना संपला आणि कारभार महावितरणकडे गेला.

म्हणजे सहकार फसला म्हणायचे काय? तसे नाही. त्याच काळात निघालेली बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था आजही वीज पुरवते. या प्रयोगाचे मूळ अमेरिकेत आहे. तिथे १९३५ मध्ये दहांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. खासगी कंपन्या खेड्यात यायला तयार नव्हत्या. सरकारने पैसे दिले ते कर्ज म्हणून, आणि शेतकऱ्यांनी संस्था काढल्या. आज तिथे अशा सुमारे ९०० संस्था आहेत. अनेक संस्थांनी एकत्र येऊन स्वतःची वीजनिर्मितीही उभी केली. वर्षाअखेर उरलेली शिल्लक ज्याने जेवढी वीज वापरली त्या प्रमाणात सभासदाच्या नावे जमा होते. सभासदाला मालकी कळते ती अशी.

हे आजच सांगायचे कारण म्हणजे सौरऊर्जा. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी भरून उरलेली वीज त्यांनी वीज कंपनीला विकली. आता सौर योजना आपल्याही शिवारात आल्या आहेत. उद्या गावात अशी संस्था काढायचा विषय निघेल, तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी तीन गोष्टी आधी विचाराव्यात. प्रत्येक डीपीवर आणि मोटारीवर मीटर आहे का? आत आलेली वीज आणि वसूल झालेले बिल यांचा मेळ दरमहा फलकावर लागेल का? आणि संचालकाचा भाऊबंद थकला, तर त्याचेही कनेक्शन तुटेल का?

निवडणुकीत मालक आणि बिलाच्या दिवशी गिऱ्हाईक, असे दोन्हीकडून चालत नाही. आकडा टाकणारा सरकारला फसवतो असे आपण म्हणतो. संस्था आपली असेल, तर तो शेजाऱ्याच्याच खिशात हात घालतो. एवढे पटत असेल, तरच संस्थेचा अर्ज भरा.