दोन निंब

दर वर्षीं २ जानेवारीस मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाकडे पुष्कळ लोक अभिवादनास जातात. १९४३ सालीं त्याच दिवशीं तेथें भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आलें. विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या तुकडीचें नांव आझाद दस्ता. हाच शब्द आपल्या अंगणांतील दोन वृक्षांच्या शास्त्रीय नांवांतही लपलेला आहे, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. कडुनिंब व बकाणा या दोघांचींही तीं नांवें फारसी ‘आझाद दरख्त’ या शब्दांपासून निघालीं आहेत.

दोघे महोगनीच्या कुळांतले. लिनियसानें १७५३ सालीं दोघांस एकाच गणांत घातलें. कडुनिंब वेगळा काढला तो जुस्यूनें १८३० सालीं. मग घरोघरीं त्यांची गल्लत होते यांत नवल तें काय! संस्कृतांत बकाण्यास महानिंब म्हणतात, पण वाढीनें तो बहुधा कडुनिंबाहून लहानच राहतो.

भेद ओळखणें मात्र कठीण नाहीं. कडुनिंबाच्या एकाच देठावर दोहों बाजूंस दातेरी पानांची रांग असते; बकाण्याच्या देठास पुनः फांटे फुटून त्यांवर पानें येतात. कडुनिंबाचा मोहर पांढरा, बकाण्याचा फिकट जांभळा. निंबोळी लांबट, बकाण्याचें फळ गोल व आंतील आठळी खांचांची. तिच्या मध्यांतून दोरा सहज जातो, म्हणून तिच्या माळाही करीत.

धोका आहे तो याच फळांत. ऐन जानेवारींत, पाला झडल्यावरही, पिवळे घोस झाडावर लोंबत असतात. पक्षी तीं फळें खुशाल खातात, आणि मुलांस वाटतें कीं आपणांसही चालतील. परंतु माणसास तीं विषारी आहेत. ओकाऱ्या, जुलाब, पोटांत कळा, पुढें गुंगी व झटकेही येऊं शकतात. अशा वेळीं घरगुती उतारे शोधीत न बसतां, उरलेलें फळ बरोबर घेऊन मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

कडुनिंब तरी सर्वस्वीं निर्दोष आहे, असें समजूं नये. निंबाचें तेल पाजलेल्या मलेशियांतील बालकांस गंभीर विषबाधा झाल्याची हकीकत १९८१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तान्ह्या मुलाच्या पोटांत हें तेल जाऊं देऊं नये, मग वडीलधाऱ्यांचा आग्रह कितीही असो.

अंगणांत बकाणा असल्यास तो तोडण्याचें मात्र कारण नाहीं. त्याची सावली व मोहर दोन्हीं चांगलीं. खालीं पडलेलीं फळें वेळच्या वेळीं झाडून टाकावीं, मुलांस दोन्ही पानें शेजारीं शेजारीं ठेवून दाखवावीं, आणि पाडव्याचा पाला घेतांना घरांतील मंडळींनीं देठ पाहूनच तो घ्यावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.