तालीक कुठे आहे? ‘यूएसबी आपलाच शोध’ म्हणणाऱ्यांना महाड-पोलादपुराहून एक उत्तर

१/
‘यूएसबीचा शोध एका भारतीयाने एकट्याने लावला, श्रेय मात्र पाश्चात्त्यांनी लाटले’ हा संदेश इतिहासप्रेमींच्या प्रत्येक समूहात वर्षातून दोनदा तरी फिरतो. त्याखाली अभिमानाचा पूर येतो. मी महाड-पोलादपूरकडची. पूर म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक आहे. म्हणून या अभिमानाची थोडी झडती घ्यावी असे वाटले. धागा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचावा.

२/
आधी माझा गुन्हा कबूल करते. पदवीच्या पहिल्या वर्षी महाडातील एका परिचित घरी मोडी कागदांचे एक रुमाल पाहावयास मिळाले. चार दिवस बसून मी त्यांची छायाचित्रे काढली, एका पेनड्राइव्हवर ठेवली, मोबाइलमधून पुसून टाकली, आणि ‘दस्तऐवज कायमचा वाचला’ असे सर्वांना मोठ्या तोऱ्यात सांगितले.

३/
२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. त्या दुःखापुढे कागदांचे दुःख सांगणे लाजिरवाणे वाटते, तरी इतिहासाच्या विद्यार्थिनीने ते नोंदवलेच पाहिजे. त्या घरातील रुमालाचा लगदा झाला. माझा पेनड्राइव्ह मात्र पोलादपुरात कपाटात कोरडा होता. दोन वर्षांनी तो संगणकाला जोडला, तेव्हा संगणकाने त्याला ओळखलेच नाही. असलही गेले, नक्कलही गेली.

४/
त्या दिवसापासून ‘यूएसबी कोणी शोधला’ या प्रश्नापेक्षा ‘यूएसबीच्या आत काय असते’ हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटू लागला. माझे म्हणणे थेट मांडते: शोधकर्त्याच्या जन्मगावावरून भांडणारा समाज ते साधन कसे चालते हे शिकत नाही, आणि त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या दफ्तराला मोजावी लागते.

५/
आता संदेशाची छाननी. अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. १९९० मध्ये ते इंटेलमध्ये गेले आणि निरनिराळ्या खाचांऐवजी एकच सोपी जोडणी असावी हा आग्रह त्यांनी धरला. हे त्यांचे कर्तृत्व खरे आणि मोठे आहे. पण १९९६ च्या जानेवारीत आलेल्या यूएसबीच्या पहिल्या आवृत्तीमागे सात कंपन्या होत्या: कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, जपानची एनईसी आणि कॅनडाची नॉर्टेल.

६/
सात जण एकत्र आले म्हणूनच तर ती जोडणी ‘सार्वत्रिक’ झाली. एकट्याने उत्तम खाच बनवली असती, तर ती त्या एकाच कंपनीच्या यंत्रावर राहिली असती. म्हणजे ‘एकट्याने शोधले’ असे म्हणताना आपण त्या शोधाचा आत्माच नाकारतो. आणि श्रेय लाटल्याचे म्हणाल, तर २००९ मध्ये खुद्द इंटेलनेच भट्ट यांना ‘रॉकस्टार’ ठरवणारी जाहिरात काढली. गंमत अशी, की त्या जाहिरातीत त्यांची भूमिका एका अभिनेत्याने केली होती!

७/
शिवाय यूएसबी हा दुवा आहे, साठवण नव्हे. पेनड्राइव्हमध्ये माहिती राहते ती फ्लॅश स्मृतीत. तिचे जनक तोशिबाचे फुजिओ मासुओका. १९८० च्या दशकात त्यांनी ती घडवली आणि पुढे योग्य मोबदल्यासाठी आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले. २००६ मध्ये तडजोड झाली. दुवा आणि साठवण जोडून तयार झालेल्या पेनड्राइव्हच्या जनकत्वावर तर इस्रायल, सिंगापूर आणि चीन अशा तीन देशांतील कंपन्यांनी हक्क सांगितला.

८/
फ्लॅश स्मृतीत प्रत्येक सूक्ष्म पेशीत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. भोवती निरोधकाचा पातळ थर असतो. तो भार कालांतराने झिरपतो. वारंवार लिहिण्या-पुसण्याने थर झिजतो, उष्णतेने गळती वाढते. त्यातच हलक्या प्रतीची नियंत्रक चीप बंद पडली, तर पेशींत माहिती असूनही तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. थोडक्यात, पेनड्राइव्ह हे टपाल्याचे झोळणे आहे, दफ्तरखाना नव्हे. हे मला कोणत्याही अभिमानाच्या संदेशाने सांगितले नाही.

९/
‘म्हणजे आपल्याकडे काहीच घडले नाही का?’ घडले. पण ते संदेशात मावत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक उभा राहिला. १९६० च्या फेब्रुवारीत तो रीतसर कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

१०/
टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेली कडी एका दिशेने चुंबकित झाली तर शून्य, दुसऱ्या दिशेने झाली तर एक. नोंद वाचली की ती पुसली जाई, म्हणून वाचताच पुन्हा लिहावी लागे. ४० अंकांचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या मापाने अवघे १० केबी! मोडी पानाच्या ३ एमबीच्या एका छायाचित्रासाठी अशी सुमारे तीनशे यंत्रे लागली असती.

११/
ही कल्पना मुंबईत जन्मली नव्हती. अमेरिकेत अॅन वँग आणि जे फॉरेस्टर यांनी तिचा पाया घातला आणि १९५३ मध्ये एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ यंत्रात ती बसली. सात वर्षांत मुंबईतील तरुण अभियंत्यांनी तसे यंत्र स्वतः रचून चालवले. हे ‘चोरून आणले’ही नव्हे आणि ‘आम्हीच शोधले’ही नव्हे. याला ज्ञान आत्मसात करणे म्हणतात. आपल्या इतिहासलेखनात या क्रियेला मानाचे पान नाही, हीच माझी तक्रार आहे.

१२/
दुसरा लाडका संदेश: ‘अमेरिकेने महासंगणक नाकारला, आम्ही तीन वर्षांत संपूर्ण स्वदेशी परम बनवला.’ यातील अर्धे खरे आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर तिचे नेतृत्व करीत होते. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ आला. परंतु त्याच्या पोटातील ट्रान्सप्युटर चिपा ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या होत्या.

१३/
मग ‘ही तर नुसती जुळणी!’ असे नाक मुरडणारेही तितकेच चुकतात. ट्रान्सप्युटरला चार दुवे असत. प्रत्येक चीप चार शेजाऱ्यांशी थेट बोलू शके. पण ६४ चिपांना एकच गणित वाटून द्यायचे, कोणाचा निरोप कोणत्या वाटेने न्यायचा हे ठरवायचे, आणि उत्तर पुन्हा एकत्र करायचे, हे चीप शिकवत नाही. ती विद्या जोडणीची आणि आज्ञावलीची, आणि ती पुण्यात घडली. १९९८ च्या ‘परम १००००’पर्यंत तर सी-डॅकने ‘परमनेट’ हे स्वतःचे जोडणी-जाळे उभे केले होते.

१४/
आणि परम एकटा नव्हता. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा ‘फ्लोसॉल्व्हर’ १९८६ चा, म्हणजे त्याच्याही आधीचा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘अनुपम’, हैदराबादचा ‘पेस’ हेही त्याच पिढीचे. एक नायक आणि एक खलनायक एवढ्यावर जगणाऱ्या संदेशाला ही गर्दी परवडत नाही. तानाजींच्या उमरठाशेजारी वाढलेल्या मला वीरगाथा प्रिय आहेत. पण गड घेणारे मावळे शेकडोंनी होते, हेही उमरठच शिकवते.

१५/
मराठी माणसाच्या जोडणीविद्येचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र कोणी फिरवीत नाही. ग्वाल्हेरला जन्मलेले गणितज्ञ नरेंद्र करमरकर १९८४ च्या त्यांच्या रेषीय कार्यक्रमणाच्या रीतीमुळे जगभर गाजले. १९९१ मध्ये त्यांनी दुसरी कल्पना मांडली: प्रक्रियक आणि स्मृती यांची जोडणी प्रक्षेपी भूमितीच्या नियमाने करावी.

१६/
ही कल्पना आपल्या एसटीच्या भाषेत पाहू. गावे सात: महाड, पोलादपूर, उमरठ, बिरवाडी, दासगाव, वरंध, नाते. गाड्या सात. प्रत्येक गाडी फक्त तीन गावांना जाते. अट अशी, की कोणतीही दोन गावे घ्या, दोन्हींना जाणारी एक आणि एकच गाडी असावी. शक्य आहे का? आहे:
महाड-पोलादपूर-उमरठ
महाड-बिरवाडी-दासगाव
महाड-वरंध-नाते
पोलादपूर-बिरवाडी-वरंध
पोलादपूर-दासगाव-नाते
उमरठ-बिरवाडी-नाते
उमरठ-दासगाव-वरंध

१७/
प्रत्येक गावाला तीनच गाड्या, कोठे फुकट फेरी नाही, कोणतीही जोडी वंचित नाही. गावांच्या जागी स्मृतीचे कप्पे आणि गाड्यांच्या जागी प्रक्रियक ठेवा: कोणत्याही दोन कप्प्यांतील माहिती एकत्र हवी असेल, तर ते काम कोणी करायचे हे आधीच ठरलेले असते. करमरकर पुढे पुण्याच्या ‘एका’ महासंगणक प्रकल्पाशी आरंभीच्या काळात निगडित होते. २००७ च्या नोव्हेंबरात ‘एका’ने ११७.९ टेराफ्लॉप्स वेगाने जगात चौथा क्रमांक मिळवला. त्यातले सर्व्हर एचपीचे आणि प्रक्रियक इंटेलचे होते, हेही लपवू नये.

१८/
‘अभिमान बाळगायचा नाही का?’ अवश्य बाळगावा. पण अभिमान आणि दाखला यांत फरक आहे. दाखला फक्त नाव, गाव आणि जात विचारतो. इतिहास विचारतो: कोणाकडून शिकले, कोणासह केले, काय जमले, काय फसले, आणि आम्ही त्याचे पुढे काय केले? शेवटच्या प्रश्नाला आपण उत्तर देत नाही. म्हणून आता रायगडावर जाऊ.

१९/
१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागून वाडे जळाले. राजधानीचे शिवकालीन दफ्तर आज अखंड स्वरूपात आपल्याजवळ नाही. मग शिवकाल आपण कशावरून लिहितो? बहुतांशी देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरी, मठांत आणि देवस्थानांत उरलेल्या कागदांवरून. मध्य बुडाला, विखुरलेले तरले.

२०/
आणि ते योगायोगाने विखुरले नव्हते. जुनी आज्ञापत्रे वाचणाऱ्यांना परिचित असेल: पत्राच्या अखेरीस अनेकदा हुकूम असे, की तालीक लिहून घ्यावी आणि असल पत्र धन्याकडे परत द्यावे. एक प्रत कचेरीत, एक घरी. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त चकत्या एकत्र जोडून, एक बिघडली तरी माहिती वाचेल अशी ‘रेड’ रचना मांडली. तत्त्वाचे मूळ तेच: एका जागेवर विसंबू नये.

२१/
थांबा! ‘रेडचा शोध शिवकाळातच लागला’ असा नवा संदेश कृपया तयार करू नका. तालीक हा कारकुनी शिस्तीचा भाग होता, रेड हे गणिती तंत्र आहे. आणि प्रती ठेवण्याची शहाणीव जगातल्या अनेक कचेऱ्यांना होती. माझा मुद्दा उलट आहे. पूर्वजांकडे यंत्र नव्हते, तरी शिस्त होती. आपल्याकडे खिशात १२८ जीबी आहे आणि शिस्त नाही.

२२/
म्हणून आपल्या भागातील दस्तऐवज टिपणाऱ्या प्रत्येक मित्राला विनंती:
• असल कागद टाकू नका. छायाचित्र त्याची जागा घेत नाही.
• किमान तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर. पेनड्राइव्ह त्यांत मोजू नका.
• एक प्रत घाटावर पाठवा. महाडातील तिन्ही प्रती एकाच पुरात बुडतात.
• दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्रत उघडून पाहा.
• घराणे, गाव, लिपी, तारीख यांची यादी कागदावरही लिहा. नाव नसलेले छायाचित्र म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

२३/
महाडच्या गांधारपाले लेण्यांत कोरलेली ब्राह्मी अक्षरे सावित्रीचे शेकडो पूर पाहून उभी आहेत. ती दगडात आहेत आणि उंचावर आहेत. मी टिपलेली मोडी अक्षरे दोन वर्षेही टिकली नाहीत, कारण मी साधन ओळखले नाही आणि तालीक केली नाही. पुढच्या वेळी कोणी ‘हा शोध आपला’ असे म्हटले, तर भांडू नका. एवढेच विचारा: ‘तुमच्या घरच्या कागदांची तालीक कुठे आहे?’ बहुत काय लिहिणे.